सोवळे ते पावित्र्य : मराठी ख्रिस्ती कुटुंबजीवनातील दैनंदिन साधनेचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

ख्रिस्ती धर्मातील पावित्र्य ही संकल्पना सामान्यतः मठवासी, धर्मगुरू व संत यांच्याशी जोडली जाते. प्रपंचात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनी स्वयंपाकघर, शेत, पाणवठा, आजारपण व दारिद्र्य यांच्यात राहून केलेली पावित्र्याची साधना इतिहासलेखनात फारशी नोंदली गेलेली नाही. गोव्यातील सतराव्या-अठराव्या शतकांतील ख्रिस्ती समाज, पंडिता रमाबाईंचे केडगाव आणि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार या तीन टप्प्यांच्या आधारे या साधनेचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पावित्र्याचा अर्थ 'स्पर्श टाळणे' येथून 'स्पर्श स्वीकारणे' येथवर कसा सरकला, आणि या प्रवासाची किंमत घरातील कोणी मोजली, हे लेखाचे मुख्य प्रश्न आहेत.

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला चंदगड तालुका भाषिक व सांस्कृतिक सांध्यावर वसलेला आहे. पूर्वेस बेळगावचा प्रदेश, पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशी सिंधुदुर्ग जिल्हा आणि तिलारी घाटाच्या वाटेने जवळ येणारा गोवा, अशी त्याची भौगोलिक स्थिती आहे. घाटमाथ्यावरील या पट्ट्यात मराठी, कोकणी व कन्नड या भाषांचा शेजार जुना आहे. आजरा-गडहिंग्लज परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत 'बारदेस्कर' हे आडनाव आढळते. बारदेस हा गोव्यातील तालुका असल्याने हे आडनावच स्थलांतराचा दस्तऐवज ठरते. घाट चढून आलेल्या माणसांनी शेतीची अवजारे व घरगुती भांडी यांच्याबरोबर आपली प्रार्थनाही आणली.

याच जिल्ह्यात उत्तरेकडून दुसरा ख्रिस्ती प्रवाह आला. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले व त्यांनी तेथे शाळा आणि धर्मप्रसाराचे काम सुरू केले. १८७० मध्ये हे कार्य अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. पुढे शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. गोव्याकडून आलेली कॅथलिक परंपरा आणि अमेरिकेकडून आलेली प्रोटेस्टंट परंपरा यांचे धर्मशास्त्र, उपासनापद्धती व भाषा भिन्न होत्या. तथापि सामान्य श्रद्धावंतांपुढे दोन्हीकडे एकच प्रश्न उभा होता : घर, जात, शेत व बाजार न सोडता मनुष्याला पवित्र जीवन जगता येते काय?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजापुरता मर्यादित नाही. गृहस्थाश्रम श्रेष्ठ की संन्यास, हा वाद महाराष्ट्राच्या संतपरंपरेला परिचित आहे. वारकरी संतांपैकी अनेकांनी प्रपंच सांभाळून भक्ती केली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाने प्रपंचातील पावित्र्याचा शोध घेतला तेव्हा त्याच्यापुढे पाश्चात्त्य नमुन्यांबरोबर स्वतःच्या भूमीतील नमुनाही होता. या दुहेरी वारशाची दखल न घेतल्यास मराठी ख्रिस्ती जीवन ही परक्या धर्माची नक्कल आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

१. पावित्र्य : संज्ञा आणि संभ्रम

मराठीत 'पवित्र' या शब्दाभोवती 'शुद्ध', 'निर्मळ', 'सोवळे', 'पुण्य' अशा अनेक शब्दांचा गोतावळा आहे. मिशनरींनी व एतद्देशीय भाषांतरकारांनी 'पवित्र शास्त्र', 'पवित्र आत्मा' अशा संज्ञा रूढ केल्या. पण शब्द घेतला की त्यामागची सवयही येते. एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसासाठी पवित्रतेचा दैनंदिन अनुभव सोवळ्या-ओवळ्याचा होता. ओलेत्याने भरलेले पाणी, वेगळी ठेवलेली भांडी, टाळलेला स्पर्श ही त्याची चिन्हे होती.

बायबलच्या जुन्या करारातील मूळ हिब्रू संज्ञेतही 'वेगळे काढलेले', 'ईश्वरासाठी राखून ठेवलेले' असा अर्थ आहे. अन्न, स्पर्श व शुद्धीचे तपशीलवार नियम तेथेही आढळतात. नव्या करारात मात्र येशू कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, जकातदाराच्या पंक्तीला बसतो आणि मनुष्याला विटाळणारे ते बाहेरून आत जाणारे नसून अंतःकरणातून बाहेर येणारे असते, असे शिकवतो. पावित्र्य येथे आचाराकडून आचरणाकडे सरकते. हा बदल ग्रंथात समजून घेणे सोपे असले, तरी घरात अमलात आणणे कठीण होते. शतकानुशतकांची शिस्त केवळ विचारात नसते. ती हाताच्या, जिभेच्या व नाकाच्या सवयीत असते.

शिवाय 'पवित्र' हा शब्द सर्वांना सारख्याच ठिकाणाहून ऐकू येत नव्हता. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. ज्यांना जन्मानेच अपवित्र ठरवण्यात आले होते, त्यांच्यासाठी पावित्र्य म्हणजे काही सोडणे नव्हते. नाकारलेले माणूसपण परत मिळवणे होते. ज्याला मंदिराची पायरी वर्ज्य होती तो प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत पोहोचला, ही घटना त्याच्या दृष्टीने धर्मशास्त्रीय असण्याआधी सामाजिक होती. अर्थात धर्मांतराने जातिभेद सर्वत्र संपला असे इतिहास सांगत नाही. गोव्यातील कॅथलिक समाजात जातींचे स्तर टिकून राहिले आणि इतरत्रही बसण्या-उठण्यात व विवाहसंबंधांत त्यांचा प्रभाव दिसत राहिला. पावित्र्याच्या साधनेची खरी परीक्षा येथेच होती.

२. गोव्याचा वारसा : घर हेच रणक्षेत्र

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टी प्रदेशात आयुष्य घालवून त्यांनी रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नव्या ख्रिस्ती समाजाची एक गरज भागवणारा होता. जुनी पुराणे सुटली होती. कानाला सवय असलेल्या ओवीची जागा मात्र रिकामी होती. ती स्टीफन्स यांनी मराठी ओवीनेच भरली. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरण्यास ते कचरले नाहीत. रविवारी व सणावारी या ग्रंथाचे वाचन होत असे. पावित्र्याचा मार्ग आपल्याच भाषेतून व आपल्याच छंदातून जाऊ शकतो, हे या ग्रंथाने प्रत्यक्ष कृतीने दाखवले.

राज्यसत्तेची दिशा मात्र वेगळी होती. १६८४ च्या आदेशाने स्थानिक भाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याची सक्ती करण्यात आली. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती घरांतील अनेक चालीरीतींना मनाई केली. विवाहातील गाणी, अंगणातील तुळस, पोशाखाच्या पद्धती, इतकेच नव्हे तर मीठ न घालता भात शिजवण्याची रीतही त्यात होती. या फर्मानाचा अर्थ दुहेरी आहे. एका बाजूने ते धर्मसत्तेच्या दडपशाहीचे उदाहरण आहे. दुसऱ्या बाजूने, ज्या गोष्टींना मनाई करावी लागते त्या जिवंत असतात, हेही त्यातून सिद्ध होते. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्यावरही ख्रिस्ती स्त्रीच्या चुलीवर जुनी स्मृती शिजत होती. पावित्र्य म्हणजे काय, याचा निर्णय कोणी करायचा, धर्माधिकाऱ्याने की घरातील स्त्रीने, हा झगडा स्वयंपाकघरात चालू होता. इन्क्विझिशनचा अंतिम शेवट १८१२ मध्ये झाला.

याच गोव्यात बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेल्या फादर जुझे वाझ यांचे चरित्र पावित्र्याच्या दुसऱ्या रूपाची ओळख करून देते. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८७ मध्ये ते डच सत्तेखालील जाफन्यात पोहोचले. डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली असल्याने त्यांना फकिरी वेशात वावरावे लागले. कँडीच्या राज्यात त्यांना हेर समजून कैदेत टाकण्यात आले. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ पसरली, लोक रुग्णांना सोडून निघून गेले, तेव्हा वाझ यांनी रुग्णांची सेवा केली व मृतांचे दफन केले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

वाझ स्वतः संन्यस्त धर्मगुरू असले तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या कार्यातील एक बाब विशेष महत्त्वाची आहे. धर्मगुरू क्वचितच पोहोचू शकत होते अशा गावांत त्यांनी प्रापंचिक प्रमुख नेमले. हे प्रमुख लोकांना प्रार्थनेसाठी एकत्र आणीत, मुलांना धर्मशिक्षण देत आणि आजाऱ्यांची विचारपूस करीत. धर्मगुरूच्या अनुपस्थितीत धर्मजीवन टिकते ते प्रापंचिकांच्या रोजच्या नेमामुळे, हा धडा छळाच्या काळात शिकला गेला.

गोव्याहून घाट ओलांडून आलेल्या कुटुंबांनाही हाच धडा उपयोगी पडला. चर्च दूर आणि धर्मगुरूची भेट विरळ अशा परिस्थितीत घरातील छोटी वेदी हीच उपासनेची जागा ठरते. सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून म्हटलेली रोझरीची माळ, त्यानंतर लहानांनी वडीलधाऱ्यांकडून घेतलेला 'बेसांव' म्हणजे आशीर्वाद, उपवासकाळात शुक्रवारी वर्ज्य केलेले मांस, आणि नव्या भाताची कणसे प्रथम देवाला अर्पण करण्याची प्रथा ही गोमंतकीय ख्रिस्ती घराची नित्य-नैमित्तिक साधना होय. गोव्यातील काही चर्चमध्ये नव्या कणसांचा सण ऑगस्टमध्ये साजरा होतो. भाताच्या पिकावर जगणाऱ्या समाजात कणसाचे अर्पण हे श्रम आणि श्रद्धा यांतील दुवा आहे. ज्या हाताने लावणी केली त्याच हाताने अर्पण केले जाते. मध्ये कोणी मध्यस्थ नसतो.

३. केडगाव : श्रमाची उपासना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यात हलवले. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये वाद झाला आणि सुधारकांपैकी अनेकांनी त्यांची साथ सोडली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रियांना आणले आणि केडगाव येथे मुक्ती सदनाचा विस्तार झाला.

जून १९०५ मध्ये केडगाव येथे मोठी आध्यात्मिक जागृती घडून आली. तासन्‌तास चालणाऱ्या प्रार्थना, पश्चात्तापाचे उद्गार व अश्रू यांची वर्णने त्या काळातील मिशनरी साहित्यात मिळतात. पावित्र्याच्या आंदोलनांच्या जागतिक इतिहासात या घटनेचा उल्लेख केला जातो. तथापि या भावनिक उमाळ्याइतकेच लक्ष केडगावच्या दिनक्रमाकडे दिले पाहिजे. येथे स्त्रिया शेती करीत, कापड विणीत, तेल काढीत, छापखान्यात खिळे जुळवीत आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. विधवा म्हणून ज्यांचे अस्तित्व अशुभ मानले गेले त्यांच्या हातच्या अन्नाला व कापडाला येथे मोल आले. रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर याच स्त्रियांच्या छापखान्यात तयार झाले व रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे प्रार्थना आणि श्रम यांच्यात श्रेणी नव्हती. पश्चात्तापाने रडलेली स्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी जात्यावर किंवा मळ्यात असे. उमाळा ओसरल्यावर उरते ते खरे पावित्र्य, ही कसोटी लावली तर केडगावच्या जागृतीचे मोजमाप १९०५ च्या त्या काही आठवड्यांवरून न करता त्यानंतरच्या वर्षांच्या दिनक्रमावरून करावे लागते.

४. टिळकांचे घर : त्याग कोणाचा, झीज कोणाची?

प्रापंचिक पावित्र्याच्या साधनेचा सर्वांत सविस्तर मराठी दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' होय. १९३४ ते १९३६ या काळात ती भागशः ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाङ्मयीन दृष्टीने या आत्मचरित्राची पुष्कळ चर्चा झालेली आहे. धार्मिक इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्याचे वाचन तुलनेने कमी झाले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे सोवळे पराकोटीला पोहोचले. बाजारातून आलेले धान्यच नव्हे, तर मीठ-साखरेसारख्या वस्तूही धुवून घेतल्या जात. एका अन्यायी मृत्यूच्या भयातून निर्माण झालेली ही शुद्धता साऱ्या घराला जाचक झाली. तिची झीज सर्वाधिक सोसली ती घरातील स्त्री-मुलांनी. पावित्र्याचा अट्टहास हा भीतीचा अवतार असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठी साहित्यात विरळा सापडेल.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याशी झाला. टिळक कवी, वक्ते, भटक्या वृत्तीचे व कमालीचे उदार. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हा निर्णय मान्य नव्हता. पुढील चार-पाच वर्षे दोघे विभक्त राहिले. मुलगा दत्तू यास घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने दिवस काढीत होत्या. त्यानंतर त्या पतीकडे आल्या, पण धर्म न बदलता. काही काळ त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी व त्यांचा स्वयंपाक वेगळाच होता. एका छपराखाली पावित्र्याच्या दोन व्याख्या नांदत होत्या.

लक्ष्मीबाईंच्या मनातील परिवर्तन कोणा धर्मोपदेशकाच्या व्याख्यानाने घडले नाही. जातिभेद ईश्वराने निर्माण केला की मनुष्याने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि तो मनुष्यनिर्मित आहे या निष्कर्षाप्रत आल्यावर कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम लक्षणीय आहे. तत्त्वज्ञान मान्य करून मग आचार बदलावा, अशी साधारण अपेक्षा असते. येथे आधी पाण्याचा पेला बदलला आणि मग धर्म. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ती होण्याचा खरा उंबरठा चर्चमध्ये नव्हता, तो पाणवठ्यापाशी होता.

राहुरी येथील वास्तव्यात, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना टिळक दांपत्याने घरात आश्रय दिला. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी रुग्णसेवा केली. ज्या घरात मीठही धुतले जाई त्या घरात वाढलेल्या स्त्रीने आजारी परक्या मुलांची अंगे पुसावीत, या घटनेत सोवळे ते पावित्र्य हे सारे अंतर सामावलेले आहे. पवित्र राहण्यासाठी जो स्पर्श टाळायचा, तोच आता पवित्र होण्याचा मार्ग झाला.

या कथेला दुसरी बाजूही आहे आणि ती वगळल्यास चित्र एकांगी होईल. टिळकांची उदारता घरखर्चाच्या पैशांना ठाऊक नव्हती. बाजारासाठी दिलेली रक्कम भलत्याच कामी जाई आणि पाहुणा, अनाथ किंवा गरजू कोणत्याही वेळी घरी येई. देणाऱ्याचा गौरव झाला. चूल पेटती ठेवण्याची विवंचना मात्र पत्नीने वाहिली. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात आणि त्यामुळे वाचक हसून पुढे जातो. पण त्या विनोदाच्या आड एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एकाच्या त्यागासाठी दुसऱ्याला त्याच्या संमतीविना झिजावे लागत असेल, तर त्या पावित्र्याचे श्रेय कोणाचे?

१९१७ मध्ये हा प्रश्न अधिक तीव्र झाला. टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त जीवन स्वीकारले आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे बंधुमंडळ अशी त्याची कल्पना होती. परकीय मिशनच्या आर्थिक आधारापासून मुक्त, भारतीय रूपातील ख्रिस्ती साधना हे त्यांचे स्वप्न होते. चर्चच्या इतिहासात त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. तरीही पगार सोडण्याचा निर्णय एका व्यक्तीचा असतो, तो निभावणे मात्र साऱ्या घराचे असते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि हे स्वप्न अपुरे राहिले.

पुढील सतरा वर्षे लक्ष्मीबाईंनी जे केले ते या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने टिळकांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. टिळकांच्या हातून आरंभीचे मोजके अध्याय झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. टिळक संन्यासाने जेथे पोहोचू पाहत होते तेथे लक्ष्मीबाई प्रपंचाच्या वाटेने पोहोचल्या, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो. दोघांच्या वाटांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे हा येथे हेतू नाही. टिळकांची झेप नसती तर लक्ष्मीबाई जलालपूरच्या सोवळ्यातून बाहेर पडल्या असत्या की नाही, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. मात्र झेपेची नोंद इतिहास लगेच घेतो. नेटाची नोंद घेण्यासाठी त्या नेटाने जगणाऱ्यालाच लेखणी हाती धरावी लागते.

५. व्यापक संदर्भ

घरातील पावित्र्याचा हा शोध जागतिक ख्रिस्ती विचारापासून तुटलेला नाही. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी मठवासाला दिलेले विशेष स्थान नाकारून चांभार, शेतकरी, गृहिणी यांचे काम हेही ईश्वरी पाचारण मानले. कॅथलिक परंपरेत फ्रान्समधील लिझ्यू येथील संत तेरेसा (१८७३–१८९७) यांनी लहानसहान कृत्ये प्रेमाने करण्याचा 'लघुमार्ग' सांगितला. त्या मठवासिनी होत्या. परंतु १८ ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचे मातापिता लुई व झेली मार्टिन यांना एकत्रितपणे संतपद देण्यात आले. विवाहित जोडप्याला अशा प्रकारे संतपद मिळण्याची ही पहिली घटना होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत केलेल्या चर्चविषयक संविधानाच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांसाठी आहे, हे स्पष्टपणे मांडले. मार्च २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावरील प्रबोधनपत्रात मुले वाढवणारे आईबाप, कुटुंबासाठी कष्ट करणारे स्त्री-पुरुष, आजारी व वृद्ध यांच्या चिकाटीत शेजारघरचे पावित्र्य पाहिले. भारताच्या संदर्भात १५ मे २०२२ रोजी त्रावणकोरचे देवसहायम पिल्लै (१७१२–१७५२) यांना संतपद मिळाले. ते विवाहित प्रापंचिक होते आणि या दर्जाला पोहोचलेले पहिले भारतीय प्रापंचिक ठरले. सर्व जातींच्या लोकांशी समानतेने वागणे हा त्यांच्या जीवनाचा ठळक विशेष होता.

या घटनांचा क्रम पाहता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या तत्त्वाला धर्मपीठाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औपचारिक रूप दिले, त्याचे आचरण छोट्या घरांतून पूर्वीच चालू होते. लक्ष्मीबाईंनी तो दस्तऐवज वाचलेला असणे शक्य नव्हते आणि त्या त्या पंथाच्याही नव्हत्या. तरीही त्यांच्या जीवनात ते तत्त्व सिद्ध झालेले दिसते. आचार तत्त्वाच्या आधी येऊ शकतो, ही बाब धर्मेतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

साधनांच्या मर्यादेचाही येथे विचार करणे आवश्यक आहे. रमाबाई व लक्ष्मीबाई या दोघीही ब्राह्मण कुटुंबांत जन्मल्या. त्यांच्यापाशी शब्द होते, त्यांचे लेखन छापले गेले आणि टिकले. राहुरीच्या महारवाड्यातील ख्रिस्ती स्त्री, केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवणारी विधवा, घाटमाथ्यावरील शेतात राबून सायंकाळी माळ म्हणणारी आजी यांची आत्मचरित्रे नाहीत. त्यांची साधना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्यांत केवळ नावापुरती उरते. ज्यांच्यासाठी सोवळे सोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते त्यांना कधी मिळालेच नव्हते, त्यांच्या पावित्र्याचा इतिहास वेगळ्या साधनांनी लिहावा लागेल. कौटुंबिक आठवणी, घरातील गीते, आडनावे व सणांच्या रीती ही ती साधने होत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज यांसारख्या सीमाभागात अशी साधने अजून जिवंत माणसांच्या मुखी आहेत. ती संकलित करण्याचे काम या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांच्या आवाक्यातील आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, मराठी व गोमंतकीय ख्रिस्ती समाजात पावित्र्याची साधना प्रामुख्याने घराच्या चौकटीत घडली आणि म्हणूनच धर्मसत्तेचा हस्तक्षेपही घरापर्यंत पोहोचला. १७३६ चे फर्मान त्याची साक्ष देते. दोन, या साधनेचा गाभा स्पर्श टाळण्याकडून स्पर्श स्वीकारण्याकडे झालेल्या स्थित्यंतरात आहे. कँडीतील देवीचे रुग्ण, केडगावच्या विधवा व राहुरीची अनाथ मुले ही त्या स्थित्यंतराची ठिकाणे होत. तीन, श्रम आणि प्रार्थना यांतील भेद या साधनेत पुसट होतो. चार, कुटुंबातील त्यागाचे ओझे समान वाटले गेले नाही. पुरुषाचा त्याग संन्यास म्हणून गौरवला गेला, तर स्त्रीची झीज संसार म्हणून गृहीत धरली गेली.

शेवटचा मुद्दा केवळ भूतकाळाचा नाही. कोणत्याही धर्मातील पावित्र्याचे मूल्यमापन करताना साधकाच्या मुखावरील तेजाबरोबर त्याच्या घरातील माणसांची स्थितीही पाहिली पाहिजे. जे पावित्र्य इतरांच्या खांद्यांवर उभे असते त्याने त्या खांद्यांची नावे घेतली पाहिजेत. लक्ष्मीबाईंनी आपले नाव स्वतः लिहून ठेवले. ज्यांना ते लिहिता आले नाही त्यांची नावे शोधण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.